शून्यावर टेकलेला काटा

त्या काळी सरोवराच्या उत्तरेकडच्या काठाला रस्ता नव्हता. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, आणि त्यांच्या पायाशी जिथे वाळूचा तुकडा सापडला तिथे गाव वसलेलं. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं तर होडी, नाहीतर दिवसभराची पायपीट. मिशनने अशा नऊ गावांत नऊ दवाखाने काढले होते आणि प्रत्येकाला एकेक रेडिओ दिला होता. रोज सकाळी सात वाजता मोठ्या इस्पितळातून तिथला रेडिओवाला मुघोघो एकेका दवाखान्याचं नाव पुकारायचा. ज्याचं नाव येईल त्याने हजेरी द्यायची, निरोप असेल तो सांगायचा, एखादी बाई अडली असेल तर मोटारबोट मागायची.

कापोंडा गावाची हजेरी न्यालोंग्वे द्यायची. अकरा वर्षं झाली होती तिला या कामावर. नवरा गेल्यावर मिशनने तिला झाडलोटीला घेतलं, पण तिचं अक्षर सुरेख आणि आवाज खणखणीत, म्हणून रेडिओ तिच्याकडे आला. सात वाजायच्या आधी ती अंघोळ करून, डोक्याला इस्त्रीचा रुमाल बांधून दवाखान्याच्या कचेरीत त्याच्यासमोर बसायची. मुघोघोला ती काही दिसणार नव्हती, पण तिला स्वतःला बरं वाटायचं.

रेडिओशेजारी एक छोटी पेटी होती, तिच्यावर दोन काटे. ती बसवायला आलेल्या चिपेताने तिला समजावून सांगितलं होतं. चिपेता म्हातारा, पोलिसांच्या रेडिओखात्यात आयुष्य काढलेला, बोलताना सतत कसाव्याच्या कंदाचा तुकडा चघळायचा, आणि न्यालोंग्वेला मानाने आमा, म्हणजे आई, म्हणायचा.

"हे बघा आमा, रेडिओ आपलं बळ या जाड केबलमधून वर झाडांमध्ये ताणलेल्या तारेकडे पाठवतो. तार ते आभाळात सोडते. तारेचं आणि त्याचं जमलं नाही, तर ती त्यातलं थोडं माघारी लावून देते. हा काटा दाखवतो किती गेलं. हा दुसरा दाखवतो किती परत आलं. परत येणारं जितकं कमी, तितकं चांगलं. फार यायला लागलं तर रेडिओ जळेल."

"आणि काहीच आलं नाही तर?"

"मग तुमच्यासारखी सुखी बाई नाही," चिपेता म्हणाला होता.

त्याने जाताना नर्सबाईच्या नखांच्या लाल रंगाचा एक ठिपका दुसऱ्या काट्याखाली लावला. काटा याच्या अलीकडे राहिला पाहिजे, म्हणाला. त्या दिवसापासून न्यालोंग्वे रोज हजेरीनंतर वहीत आकडा लिहायची. गेलेलं ऐंशी, परत आलेलं पाच. गेलेलं ऐंशी, परत आलेलं चार. महिनाअखेरीला ती पानं बोटीने इस्पितळात जायची, आणि ज्या दवाखान्याचा परतीचा आकडा सर्वांत कमी, त्याला मिशनकडून कपडे धुण्याच्या साबणाच्या सहा वड्या यायच्या. साबण काही फार नव्हता. पण नऊ गावांत आपला आकडा खाली, हे सांगायला मिळायचं.

गेली दोन वर्षं साबण कापोंडालाच येत होता. आकडा तीनवर आला, दोनवर आला, एकावर आला. या पावसाळ्यानंतर तर काटा शून्यावर टेकला तो हललाच नाही. न्यालोंग्वे पेटीवरची धूळ मऊ फडक्याने पुसायची, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी.

एवढंच होतं, की मुघोघोला ती ऐकू येत नव्हती.

पहिल्यांदा तो "कापोंडा, जरा मोठ्याने" म्हणायला लागला. मग "कापोंडा, पुन्हा सांगा." आणि आता पाच महिने झाले, त्याचा आवाज तिला थोडा मंद पण स्वच्छ ऐकू यायचा: "कापोंडा. कापोंडा. कापोंडा नाही. पुढचं…" ती घसा फुटेस्तोवर ओरडायची. ओसरीवर झोपलेली कुत्री उठून निघून जायची.

"मुघोघोच्या कानात इंजिनाचं तेल गेलंय," ती म्हणायची. "माझा काटा बघा. काही परत येत नाही. म्हणजे सगळं गेलं ना वर? आता ऐकायचं काम त्याचं."

दवाखान्याचे प्रमुख कामांगा. डॉक्टर नव्हते, पण त्या किनाऱ्यावर तेच डॉक्टर. उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणही लावणारे. सगळे त्यांना आदा, म्हणजे बाबा, म्हणायचे. ते काट्याकडे बघायचे, मान हलवायचे आणि पुढच्या रोग्याला बोलवायचे. काटा शून्यावर असताना दुसरं करणार तरी काय?

मग एका मंगळवारी मिशनकडून पाकीट आलं. आत दोन कागद. एकावर लिहिलं होतं, परतीचा आकडा शून्य राखल्याबद्दल कापोंडाचं अभिनंदन, सोबत साबण. दुसऱ्यावर लिहिलं होतं, पाच महिने कापोंडाचा आवाज लागत नाही, तेव्हा रेडिओ शुक्रवारच्या बोटीने परत घेऊन गरजू गावाला देण्यात येईल.

कामांगांनी दोन्ही कागद मोठ्याने वाचले आणि चष्मा काढला.

"न्यालोंग्वे, साबण तुमचा, रेडिओ त्यांचा."

"थट्टा करू नका, आदा."

"मी कुठे करतोय? करणारे तिकडे बसलेत."

न्यालोंग्वे खाली किनाऱ्याकडे गेली. तिथे नातेवाइकांचं छप्पर होतं. रोग्याबरोबर आलेल्या घरच्या माणसांनी तिथे राहायचं, चूल पेटवायची, आपल्या माणसाला करून घालायचं. त्या दिवसांत तिथे शेजारच्या वाडीतली गोगो न्याम्वाले, म्हणजे न्याम्वाले आजी, होती, आपल्या गरोदर नातीला घेऊन. नात तोवेरा, अठरा वर्षांची. लहानपणी होडीच्या काठावर पडून तिचं कंबरेचं हाड वाकडं बसलं होतं, आणि कामांगांनी तपासून सांगितलं होतं, हिचं पहिलं बाळंतपण इथे होणार नाही. कळा सुरू झाल्या की मोटारबोट बोलवायची आणि इस्पितळात न्यायचं. अजून पाच-सहा आठवडे होते. पण हजेरीच लागत नसताना बोट बोलवायची कशी?

"शुक्रवारच्या बोटीनेच पाठवा तिला," कामांगा आदल्याच दिवशी म्हणाले होते.

गोगोने हात झटकले होते. "दीड महिना परक्या जमिनीवर? तिकडे आमचं कोण आहे? खाणार काय? माझा कसावा कोण उपटणार, तुम्ही? तुमचे ते पांढरे बूट घालून?"

आता न्यालोंग्वे येऊन बसल्यावर गोगोने कोंडोवोलेचा, कसाव्याच्या पिठाच्या उकडीचा, गोळा पातेल्यात घोटता घोटताच विचारलं, "खरं का गं, तुझी पेटी नेतायत?"

"कोणी सांगितलं?"

"सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. तू इतकी ओरडतेस सकाळी की मुघोघो सोडून सगळ्यांना ऐकू येतं."

तोवेरा तोंडावर हात ठेवून हसली. न्यालोंग्वेला हसू आलं नाही. ती मुलीच्या पोटाकडे बघत राहिली.

बुधवारी पहाटे म्वेरा सुटला. दक्षिणेकडून येणारा तो वारा सरोवर उलटंपालटं करून टाकतो, होड्या वर ओढून ठेवाव्या लागतात. सातपर्यंत तो थोडा उतरला. न्यालोंग्वे रुमाल बांधून बसली. आज मुघोघोचा आवाजही नव्हता, नुसती खरखर. डिझेल संपलं असेल त्यांचं, तिने मनात म्हटलं. तरी तिने आपली हजेरी दिली. बटण दाबलं, तीनदा कापोंडाचं नाव घेतलं, काट्यांकडे पाहिलं. गेलेलं ऐंशी. परत आलेलं शून्य. तिने वहीत लिहिलं आणि आकड्याखाली रेघ ओढली, कामांगांना दाखवायला.

मग ती बाहेर आली, आणि खालून गोगोची हाक आली.

"अगं ए, न्यालोंग्वे! तुझी दोरी पडलीय इकडे! मी हिच्यावर कपडे घालू का?"

तार पडली होती. किनाऱ्यावरच्या दोन उंच झाडांमध्ये, नातेवाइकांच्या छपरावरून ताणलेली ती तांब्याची तार मधोमध तुटून वाळूत लोळत होती. केबल तिच्यापासून पार निखळलेली, टोक झाडाच्या फांदीवर लटकत होतं, वाऱ्यावर हलत होतं. एक बकरी तारेचा वास घेऊन बघत होती.

न्यालोंग्वे उभी राहिली. मग वाळूत बसली.

"काय झालं?" गोगो म्हणाली. "पडली तर पडली. बांधू परत."

"कधी पडली ही?"

"अंधारातच. धाडकन आवाज आला. मला वाटलं आंब्याची फांदी."

"म्हणजे मी आत्ता बोलले, तेव्हा ती खालीच होती."

"बकरी साक्षीला आहे."

न्यालोंग्वे उठली आणि धावत वर गेली. बावन्न वर्षांची बाई, रुमाल सुटलेला, चढ चढून ती कचेरीत शिरली आणि पुन्हा बटण दाबलं. केबलच्या टोकाला काहीही नव्हतं. वारा होता आणि फांदी होती. बळ जाणार कुठे? सगळंच्या सगळं माघारी यायला हवं होतं, काटा उडून पेटीच्या भिंतीवर आपटायला हवा होता. काटा शून्यावरच होता.

तिने बटण सोडलं, पुन्हा दाबलं. शून्य. कामांगा आले, दारात थांबले.

"काय झालं?"

"आदा," ती हळू म्हणाली, "मी रोज चहाची किटली भरून खालच्या छपराकडे पाठवते, आणि किटली रिकामी परत येते. मला वाटतं, बायका प्यायल्या. पण किटलीला वाटेतच भोक असेल तर?"

 कामांगांनी खिडकीतून खाली लटकणाऱ्या टोकाकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि शर्टाचं वरचं बटण सोडलं.

"केबल पितेय," ते म्हणाले.

"जाताना पितेय, आणि जे उरतं ते येताना पितेय. म्हणून काही परत येत नाही. आणि आम्ही साबण घेतोय."

"किती वर्षं?"

न्यालोंग्वेने वही उघडली आणि पानं सुरुवातीपासून चाळायला लागली. पाच, चार, तीन, दोन. प्रत्येक पावसाळ्यानंतर एकेक पायरी खाली. तिच्या सुरेख अक्षरात केबलचं दुखणं तारीखवार लिहिलेलं होतं. तिने वही मिटली.

नवीन केबल मागायची तर रेडिओवरून मागावी लागली असती, आणि शुक्रवार परवावर आला होता. तिने वायसन कोळ्याला बोलावलं. वायसन झाडावर चढला, लटकणारं टोक सोडवून खाली घेऊन आला, आणि मासे साफ करायच्या सुरीने त्याने केबलचं काळं कातडं उभं चिरलं. आतून पाणी ठिबकलं. तांब्याची जाळी तांब्याची राहिलीच नव्हती. काळी पडलेली, मधेमधे हिरवट भुकटी, बोटात धरली की चुरा होणारी.

"हे तर आमच्या जुन्या गळासारखं झालंय," वायसन म्हणाला. "पाणी कुठून गेलं आत?"

"वरून. जिथे तारेला जोडली होती तिथून. टोक आभाळाकडे तोंड करून होतं."

"मग वरून खाली झिरपलं असणार."

न्यालोंग्वेने त्याच्याकडे पाहिलं. "पुन्हा बोल."

"वरून खाली, म्हटलं. वात तेल ओढते तसं."

"म्हणजे खालचं टोक अजून कोरडं असेल."

"असेल की. चिरून बघायला लागेल."

ते चिरत गेले. हातभर कापायचं, बघायचं, काळं निघालं की टाकायचं. कामांगा दवाखान्यातले रोगी आटपून येऊन उभे राहिले आणि मिशनची मालमत्ता काकडीसारखी चिरली जाताना बघू लागले. केबल पस्तीस पावलं लांब होती. दहा पावलं गेली, काळी. पंधरा गेली, काळी. गोगो न्याम्वाले तोवेराला घेऊन बघायला आली आणि प्रत्येक तुकड्याला "हेही मेलं" म्हणत राहिली. वीस पावलांवर जाळी करडी निघाली. चोवीसवर मधूनमधून पिवळी. पंचविसाव्या पावलाला वायसनने कातडं चिरलं आणि आत तांबं नव्या पैशासारखं चमकलं.

"थांब!" न्यालोंग्वे म्हणाली. "आता एक बोटसुद्धा कापू नकोस."

दहा पावलं केबल उरली होती. आणि कचेरीपासून तारेच्या मध्यापर्यंत अंतर होतं पस्तीस पावलं.

"आता?" वायसनने विचारलं.

न्यालोंग्वे खाली बघत होती. तारेच्या बरोबर खाली, धूर सोडत, नातेवाइकांचं छप्पर होतं.

"नाही," कामांगा म्हणाले. तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं. "नाही, न्यालोंग्वे. कचेरीतली वस्तू कचेरीत राहते. तिथे चुली आहेत, कोंबड्या आहेत. उद्या कोणी त्याच्यावर सुके मासे वाळत घालेल."

"मी घालणार होते," गोगो म्हणाली. "आता नाही घालत."

"आदा," न्यालोंग्वे म्हणाली, "केबल रेडिओकडे येऊ शकत नाही. रेडिओला केबलकडे जावं लागेल. कचेरीत राहिला तर शुक्रवारी बोटीत जाईल. मग कचेरी रिकामी, तुमची टापटीप शाबूत, आणि ही मुलगी…"

तिने तोवेराकडे बोट केलं. तोवेरा एका हाताने कंबर धरून उभी होती, तशी ती नेहमीच उभी राहायची.

कामांगांनी खाली पाहिलं. मग म्हणाले, "बॅटरी जड आहे. दोघं लागतील." आणि शर्टाच्या बाह्या वर करायला लागले.

गुरुवार सगळा त्यात गेला. छपराच्या एका कोपऱ्यात वाऱ्याच्या बाजूला बायकांनी चटया बांधून आडोसा केला. गोगोचं कसावा कुटायचं मोठं उखळ पालथं घालून त्यावर रेडिओ आणि काट्यांची पेटी ठेवली. वायसनने तारेचे दोन्ही तुकडे वाळूने घासून लख्ख केले, मधे लाकडाचा तुकडा बांधून छपरावर पुन्हा ताणले, केबलच्या आतली तार एकाला आणि जाळी दुसऱ्याला पिळून जोडली, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली आणि होडीला लावतात ते डांबर चोपडलं. न्यालोंग्वे खाली उभी राहून ओरडत होती, "तोंड खाली ठेव! पाऊस आला तर आत नाही, बाहेर ठिबकला पाहिजे! एक वळसा दे, मग खाली सोड!"

"आमा, मी होड्या बांधतो," वायसन वरून म्हणाला. "पाणी कुठून शिरतं ते मला शिकवू नका."

शुक्रवारी सातला छपराखाली माणसं दाटली होती. कोणी चूल पेटवली नव्हती, न्यालोंग्वेने मना केलं होतं. ती उखळासमोर चटईवर बसली. रुमाल बांधलेला होता. मुघोघोचा आवाज आला, आणि तो इतका जवळून आला की एक लहान मूल मागे वळून बघायला लागलं.

"कापोंडा. कापोंडा."

तिने बटण दाबलं. दुसरा काटा उसळला. लाल ठिपक्याच्या पार पलीकडे जाऊन थरथरत उभा राहिला. नऊ. अकरा वर्षांत तिने असा आकडा पाहिला नव्हता. तिची बोटं सुटायला आली. बटण सोडायचं, हा एकच विचार तिच्या मनात आला. रेडिओ जळेल, चिपेता म्हणाला होता. तार तुटून जोडल्यावर थोडी आखूड झाली असणार, तिचं आणि रेडिओचं नीटसं जमत नव्हतं, ती थोडं माघारी लावत होती. पण माघारी लावत होती म्हणजे तारेपर्यंत पोचत होतं.

तिने बटण धरून ठेवलं.

"मुघोघो, मी कापोंडा!" ती सवयीने किंचाळली. "मी कापोंडा बोलतेय! ऐकू येतंय का?"

तिने बटण सोडलं. मग मुघोघो कळवळून म्हणाला, "आमा, हळू! माझा कान फोडाल. ऐकू येतंय. सगळ्या किनाऱ्याला ऐकू येतंय."

छपराखाली एकदम गलका झाला. गोगोने जीभ भराभर हलवून उंच आवाज काढला, तिकडे लग्नात काढतात तसा, आणि न्यालोंग्वेचं बोट तोवर बटणावर गेल्यामुळे तोही आभाळात गेला.

"हे काय होतं?" मुघोघोने विचारलं.

"रोग्यांचे नातेवाईक. आता मी त्यांच्यात राहते." तिने श्वास घेतला. तिला आपला नेहमीचा आवाज शोधावा लागला. पाच महिने तो वापरला नव्हता. "मुघोघो, माझा रेडिओ नेऊ नका. केबल कुजली होती. मी कापून टाकली. मला नवीन केबल पाठवा, पस्तीस पावलं."

"परतीचा आकडा किती?"

 बाकीची आठ गावं ऐकत होती.

"नऊ," ती म्हणाली.

"नऊ? कापोंडा, तुमचा तर शून्य असतो."

"तो शून्य खोटा होता. मुघोघो, दुसरा नंबर कोणाचा आहे? साबणात?"

"चिगोमा गावाचा. एक. पण त्यांचाही आवाज आताशा…" तिकडे मुघोघोच्या वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"त्यांना सांगा," न्यालोंग्वे म्हणाली, "केबल तारेपासून सोडवा, तिचं टोक मोकळं ठेवा आणि बटण दाबून बघा. काटा उडाला तर केबल चांगली आहे. नाही उडाला, तर सुरी घ्या."

दुपारी बोट आली. इस्पितळाचा मेकॅनिक रेडिओसाठी गवत भरलेलं खोकं घेऊन उतरला होता, पण मुघोघोचा निरोप त्याला वाटेतच मिळाला होता. त्याने उखळाभोवती एक चक्कर मारली, चटया पाहिल्या, तारेच्या दोन्ही बाजू मोजून आखूड बाजूला वीतभर तुकडा जोडला. काटा चारावर आला. "हा बरा आहे," तो म्हणाला. "याच्याखाली गेला तर मला कळवा." कुजलेल्या केबलचे तुकडे त्याने बाकीच्या गावांना दाखवायला खोक्यात भरून घेतले. गोगोने त्याला खोकं ठेवून जायला सांगितलं, तिला तिचं उखळ परत हवं होतं. शेवटी तुकडे पोत्यात गेले आणि खोक्यावर रेडिओ बसला.

साबण त्या वर्षापासून बंद झाला.

तोवेराच्या कळा महिन्याभराने सुरू झाल्या, सहा दिवस आधीच, एका सोमवारी भल्या सकाळी. नवीन केबल अजून आली नव्हती. न्यालोंग्वेला कुठे जावंच लागलं नाही. गोगो चुलीपाशी पाणी तापवत होती, मुलगी खांबाला टेकून दात आवळून बसली होती, आणि दोघींच्या मधे बसून न्यालोंग्वेने सातची वाट बघितली. मुघोघोने कापोंडाचं नाव घेतलं तेव्हा तिने बटण दाबलं आणि शेजारणीला सांगावं तशा आवाजात सांगितलं, मुलगी अठरा वर्षांची, पहिलटकरीण, कंबर वाकडी, कळा पहाटेपासून, बोट पाठवा.

"पाठवतो," मुघोघो म्हणाला. मग त्याने तिकडे कोणाला तरी हाक मारलेली ऐकू आली, दार वाजलं, कोणी तरी पळालं. गोगो हातातलं फडकं तसंच धरून रेडिओकडे बघत होती.

"आमा," मुघोघो परत येऊन म्हणाला, "निघाली."